तळघरातल्या सतरा जर्सी

पत्र थोडक्यात: पत्रलेखक न्यू जर्सीत राहतात, वय ६४. १९८४ मध्ये पुण्याहून एम.एस. करायला गेले आणि तिथलेच झाले. विद्यार्थी असताना, १९८५ साली, खोलीतल्या मित्राबरोबर ते जायंट्स स्टेडियममध्ये न्यू जर्सी जनरल्स या संघाचे सामने बघायला जात. जनरल्स हा यूएसएफएल, म्हणजे युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीगमधला संघ; इथे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल. ही लीग १९८३ ते १९८५ असे तीनच हंगाम खेळली आणि बंद पडली. तिच्या सामन्यांत खेळाडूंनी प्रत्यक्ष घातलेल्या जर्सी पत्रलेखक गेली २२ वर्षं जमवत आहेत. आज त्यांच्याकडे १७ आहेत, तळघरात, प्लॅस्टिकच्या खोक्यांत. मागच्या वर्षी त्यांनी जनरल्सच्या हर्शेल वॉकरची ३४ नंबरची जर्सी ११,००० डॉलर मोजून घेतली. ही रक्कम त्यांनी पत्नीला सांगितलेली नाही. पुढे दोन जाणत्या संग्राहकांनी फोटो ताडून सांगितलं, की आकड्यांची जागा जुळत नाही, ही जर्सी सामन्यातली वाटत नाही. विकणारा आता फोन उचलत नाही. एक तरुण संग्राहक ती ९,००० ला घ्यायला तयार आहे; त्याला या शंकेची कल्पना नाही. शिवाय आता लहान घरात जायचं आहे, आणि मुलगा म्हणतो सगळंच विकून टाका. पत्नी घरी शिवणकाम करते, ब्लाउज आणि पिको-फॉलची कामं घेते. तिचं म्हणणं, "दुसऱ्यांच्या घामाचे कपडे. बोहारणीला दिले असते तर दोन पातेली तरी आली असती." पत्रलेखक विचारतात: संसार आणि छंद यांतलं एक निवडायची वेळ आली आहे का? आणि ती ३४ नंबरची विकून मोकळं व्हावं का?

सप्रेम नमस्कार.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो तरुण उत्तराची वाट बघतो आहे. त्याला आजच कळवा, की जर्सीबद्दल शंका निघाली आहे आणि तिचा निकाल लागेपर्यंत विक्री थांबवली आहे. "जशी आहे तशी" असं लिहून विकावी, असं तुम्हाला कुणी सुचवलं असल्याचं पत्रात आहे. ते करू नका. जे तुम्हाला माहीत आहे आणि त्याला माहीत नाही, ते या तीन शब्दांनी झाकलं जात नाही. वर्षभर तुम्ही ज्या मनस्तापात आहात तो तुम्ही ९,००० डॉलर घेऊन त्याच्या पदरात टाकाल. तो तिशीतला आहे, तुम्ही लिहिता. एखाद्या छंदात पहिलीच मोठी खरेदी खोटी निघाली की माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही.

विकणाऱ्याच्या बाबतीत तोंडी काहीच ठेवू नका. पावती, जाहिरातीचा फोटो, "सामन्यात घातलेली" असं जिथे जिथे लिहून आलं तो प्रत्येक निरोप, पैसे कुठल्या मार्गाने दिले त्याची नोंद, हे सगळं एका पाकिटात घाला. तारीख टाकून लेखी मागणी पाठवा, अमुक दिवसांत पैसे परत करा म्हणून. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे तक्रारीची मुदत उरली आहे का ते याच आठवड्यात विचारा. वस्तू टपालाने आली असेल तर अमेरिकी टपाल खात्याची पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिस अशा फसवणुकीची दखल घेते. व्यवहार इंटरनेटवर झाला असेल तर एफबीआयकडे तक्रार नोंदवता येते. मी वकील नाही. तुमच्या राज्यातल्या वकिलाचा तासभराचा सल्ला घ्या, ११,००० च्या मानाने ते पैसे जास्त नाहीत.

पण हे करण्याआधी एक गोष्ट तपासा. तुम्ही दोघा जाणत्यांचं म्हणणं निकाल म्हणून धरलं आहे. ते निकाल आहे का? त्यांनी नेमका कुठला फोटो ताडला, हे तुम्ही विचारलं होतं का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. जाळीच्या कापडाला बारीक भोकं असतात. आकडा कापून शिवताना त्याची कड कुठलं भोक अर्धं कापते, कुठलं सोडते, हे प्रत्येक जर्सीवर वेगळं येतं, कारण मशीनवर कापड सरकवणारा हात माणसाचा असतो. चांगला मोठा फोटो मिळाला तर ही भोकं मोजून "हीच ती" असं सांगता येतं. उलट्या बाजूने मात्र तेवढ्या ठामपणे बोलता येत नाही. एका हंगामात एकाच खेळाडूला एकाहून जास्त जर्सी मिळत. एका सामन्याच्या फोटोशी तुमची जर्सी जुळली नाही, तर ती त्या दिवशीची नाही एवढंच कळतं. त्या हंगामातल्या सगळ्या जनरल्सच्या जर्सींवर आकडा जिथे बसतो त्यापेक्षा तुमचा दोन बोटं खाली असेल, तर मात्र गोष्ट गंभीर आहे. म्हणून दोघांनाही विचारा: कुठला सामना, कुठला फोटो, कुठली खूण. आणि फोटो-जुळणीचं काम पैसे घेऊन करणाऱ्या, विक्रीत हितसंबंध नसलेल्या तिसऱ्या माणसाकडून लेखी मत घ्या.

निकालही खरी किंवा खोटी असा दोनच प्रकारचा नसतो. संघाने खेळाडूसाठी बनवली पण मैदानावर गेलीच नाही, अशी जर्सी असते. संग्राहक तिला गेम-इश्यूड म्हणतात. तिची किंमत गेम-वॉर्नपेक्षा, म्हणजे सामन्यात घातलेलीपेक्षा, बरीच कमी, पण ती नकली नाही. मागाहून चाहत्यांसाठी बनलेली असते. आणि चाहत्यांचीच जर्सी दगडावर घासून, डाग पाडून जुनी केलेली असते. तुमची कुठल्या घरात बसते यावर पुढचं सारं ठरेल. कुणी अतिनील दिव्याखाली धरून बघायला सांगेल. फार जुन्या कापडासाठी त्याचा उपयोग होतो. ऐंशीच्या दशकातल्या कपड्याचं तसं नाही, कारण धुण्याच्या पावडरीतली चमकदेखील त्या उजेडात उजळते. त्यावर भिस्त ठेवू नका.

दहा-बारा वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियात एका परिचितांकडे मी अशी एक जर्सी हातात घेतली होती. यूएसएफएलचीच, पांढरी. पाठीवर ज्याचं नाव होतं तो खेळाडू मला माहीत नव्हता, त्यांनाही फारसा नव्हता. खांद्यावर तिरका निळा ओरखडा होता, समोरून आदळलेल्या कुणाच्या तरी हेल्मेटचा रंग. कोपराजवळ जाळी घासून तिच्या तंतूंच्या टोकांना कडक गाठी आल्या होत्या. कृत्रिम गवतावर वेगात घसरलं की नायलॉन असं वितळतं. काखेत दोन इंच फाटलेलं घाईघाईने शिवलं होतं, तेही वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने. मग त्यांनी नावाची पट्टी वर उचलून आतली बाजू दाखवली. पट्टीच्या टिपेला लागून सुईच्या भोकांची आणखी एक रांग होती. आधी तिथे दुसऱ्या कुणाचं नाव होतं. त्याला संघाने काढलं, टीप उसवली, आणि नव्या माणसाचं नाव त्याच जागी शिवलं. त्या रिकाम्या भोकांवर मी किती वेळ बोट फिरवत होते ते माझं मलाच कळलं नाही.

म्हणूनच तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. "१७ पैकी खरी मोलाची एकच, तीही अशी निघाली." तुमचं वॉकरवरचं प्रेम मला समजतं. कॉलेजच्या खेळातला सर्वांत मानाचा हाइझमन करंडक १९८२ मध्ये मिळवून तो शिक्षण पुरं होण्याआधीच जनरल्सकडे आला, आणि तुम्ही बघितलात त्या १९८५ च्या हंगामात चेंडू घेऊन २,४११ यार्ड पळाला. तेवीस-चोवीस वर्षांचा, खिशात पैसे नसलेला मुलगा हे वरच्या रांगेतून बघतो, त्याला ते जन्मभर पुरतं. पण बाकीच्या १६ जर्सी तुम्ही एका वाक्यात उडवून लावल्या आहेत.

यूएसएफएलमधून पुढे मोठे झालेले खेळाडू सगळ्यांना पाठ असतात: जिम केली, स्टीव्ह यंग, रेजी व्हाइट. तिघांची नावं कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत आहेत. त्यांच्या जर्सींवर सगळ्यांचा डोळा असतो, किमती चढतात, आणि नकली माल बनतो तोही त्यांचाच. अनोळखी लाइनमनची, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूची, खोटी जर्सी बनवायला कोण बसेल? ज्यांची व्यावसायिक कारकीर्द याच लीगबरोबर सुरू झाली आणि तिच्याबरोबरच संपली अशांचे कपडे तुमच्या खोक्यात आहेत. त्यांच्या अंगावरचा तो शेवटचा गणवेश. तो जपणारे जगात थोडे आहेत, तुम्ही त्यातले एक आहात. याला मी बिनमोलाचं म्हणणार नाही.

बंद पडलेल्या लीगची गोष्ट वेगळी का, हे तुम्हाला माहीत आहे; इतर वाचकांसाठी सांगते. चालू लीगच्या जर्सीबद्दल शंका आली तर संघाचं कार्यालय असतं, सामानाची नोंदवही असते, विचारायला माणूस असतो. यूएसएफएल १२ संघांनी सुरू झाली, १९८४ मध्ये १८ झाले, १९८५ मध्ये १४ उरले. वसंतात खेळणाऱ्या या लीगने १९८६ पासून शरद ऋतूत, म्हणजे बलाढ्य एनएफएलच्या (नॅशनल फुटबॉल लीगच्या) समोर उतरायचं ठरवलं आणि एनएफएलवर मक्तेदारीचा खटला भरला. २९ जुलै १९८६ ला ज्यूरीने निकाल दिला: एनएफएल दोषी, भरपाई एक डॉलर. कायद्याप्रमाणे तिप्पट होऊन तीन. तो शरद हंगाम झालाच नाही. संघ विरले, कपाटं रिकामी झाली, गणवेश कुणी कुणाला दिले, कुठे विकले याचा हिशेब राहिला नाही. त्याआधी १९७४-७५ मध्ये वर्ल्ड फुटबॉल लीगचं असंच झालं होतं. १९७४ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅम अमेरिकन्स संघाने तिचं अजिंक्यपद २२-२१ असं जिंकलं, आणि थकलेल्या बिलापोटी शेरीफच्या माणसांनी विजेत्यांचे गणवेश जप्त करून नेले. अशा मालाची कुंडली मिळणार कुठून?

ती जमवणाऱ्यालाच मांडावी लागते, आणि लीगचा इतिहास तिथे कामाला येतो. ब्रेकर्स हा संघ १९८३ मध्ये बॉस्टनचा, १९८४ मध्ये न्यू ऑर्लिन्सचा आणि १९८५ मध्ये पोर्टलंडचा होता. शिकागो ब्लिट्झ आणि ॲरिझोना रँगलर्स यांनी १९८४ च्या हंगामाआधी जवळजवळ अख्खे खेळाडू अदलाबदल केले. म्हणजे ब्लिट्झच्या १९८३ च्या गाजलेल्या खेळाडूचं नाव १९८४ च्या ब्लिट्झ जर्सीवर दिसलं, तर थबकायला हवं. जनरल्सचं घरचं मैदान कृत्रिम गवताचं होतं. त्यांच्या घरच्या सामन्याची म्हणून कुणी चिखलाने माखलेली जर्सी दाखवली, तर चिखल कुठला हे विचारायचं. २०२२ मध्ये जुनी नावं घेऊन नवी यूएसएफएल सुरू झाली, तिच्याही जर्सी आता बाजारात फिरतात. आतली चिठ्ठी (लेबल) आणि कापड बघितल्याशिवाय नुसत्या संघाच्या नावावर जाऊ नये.

तुम्हाला हे सगळं येतं. मग ३४ नंबरच्या वेळी तुम्ही एवढे प्रश्न का विचारले नाहीत? तुम्हीच लिहिलं आहे, "रात्री अकराला फोटो आला आणि सकाळी पैसे पाठवले." मला वाटतं, घरात कुणाशी बोलायची सोय नव्हती म्हणून. एवढी खरेदी करताना दुसऱ्या माणसाला तोंडाने सांगावी लागली असती, तर सांगता सांगता तुम्हालाच दोन प्रश्न सुचले असते.

इथे तुमच्या पत्नीकडे येते. तुमचं पत्र सहा पानांचं आहे, त्यात तिच्यावर चार ओळी. त्यातल्या एका ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात की ती ३० वर्षं शिवणकाम करते. अहो, शिलाई ओळखण्यावर उभ्या असलेल्या छंदात तुम्ही २२ वर्षं आहात! आकडा झिगझॅग टिपेने बसवला आहे की सरळ, टीप एका दमात घातली आहे की मध्ये थांबून, उसवून पुन्हा शिवलेली जागा कुठली, नवा दोरा जुन्या कापडावर कसा उठून दिसतो, हे ती तुमच्या त्या दोघा जाणत्यांइतकंच, कदाचित जास्त, बघू शकेल. तुम्ही तिला एकदाही जर्सी हातात दिली नाही. तिने बघितली ती दारात येणारी खोकी.

बोहारणीचं तिचं वाक्य तुम्हाला लागलं आहे. त्याकडे थोडं वेगळं बघा. बोहारणीशी घासाघीस करणारी बाई कपड्याची किंमत ओळखते, आणि तो कशाच्या बदल्यात जातो आहे हे तिला समोर दिसत असतं. तुमच्या पत्नीला यातलं काहीच दिसलेलं नाही. तिची तक्रार कपड्यांबद्दल आहे असं तुम्ही गृहीत धरलं आहे. मला ती हिशेबाबद्दल वाटते. म्हणून "संसार की छंद" हा तुमचा पहिला प्रश्न मला बरोबर मांडलेला वाटत नाही. तुमच्या घरात छंदामुळे भांडण झालेलं नाही. ११,००० डॉलर न सांगता गेले आहेत आणि तुम्ही ते लपवून वर्षभर झोप घालवली आहे. १७ च्या १७ जर्सी उद्या विकल्यात तरी ते न सांगणं तसंच राहील.

मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण घाई आहे. लहान घरात १७ खोकी नेता येणार नाहीत हे खरं. मी तुमच्या जागी असते तर पाच-सहा ठेवल्या असत्या: जनरल्सच्या, आणि १४ जुलै १९८५ च्या अंतिम सामन्यातल्या दोन संघांच्या. बाल्टिमोर स्टार्स २८, ओकलंड इन्व्हेडर्स २४. तो सामना तुम्ही स्वतः बघितला आहे. उरलेल्या हळूहळू, दोन-तीन वर्षांत काढा. सगळा माल एकदम बाजारात आला की भाव पडतो, कारण या लीगच्या जर्सी घेणारे मोजकेच आहेत. लिलावगृहाला द्यायच्या असतील तर दलाली किती, आणि खरेपणाची लेखी हमी कोण देणार, हे आधी विचारा. संग्रहालयाला देणं हा चांगला मार्ग आहे, पण दिलेली वस्तू मांडली जाईलच असं नसतं, ते मनाला पटवून मग द्या. आणि करात ५,००० डॉलरहून जास्त वजावट मागायची असेल तर पात्र मूल्यमापकाचा अहवाल लागतो. ठेवाल त्यांचा विमा घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पुरेसा धरला आहे का, तेही कंपनीला विचारून घ्या.

तळघरातून मात्र त्या याच आठवड्यात वर आणा. तिकडच्या उन्हाळ्यातल्या दमट हवेत बंद खोक्याला बुरशी लागायला वेळ लागत नाही. ड्रायक्लीनच्या पातळ पिशव्या काढून टाका, तारेचे हँगर नकोत, डांबरगोळ्या नकोत. आम्लरहित कागद किंवा धुतलेली पांढरी सुती चादर मध्ये घालून आडव्या ठेवा, घडीच्या जागी कागदाची गुंडाळी. भिंतीवर एखादी लावायची तर उन्हाच्या समोर नको. एकदा उडालेला रंग परत येत नाही. कोंदट वास आला तर सावलीत पसरून ठेवा. आणि कुणी कितीही म्हटलं तरी धुवायच्या नाहीत, तो हेल्मेटचा ओरखडा आणि तो डाग हाच तर पुरावा आहे.

एक वही करा. प्रत्येक जर्सीला एक पान: कुणाकडून, कधी, कितीला घेतली, आत कुठली चिठ्ठी आहे, दुरुस्ती कुठे आहे, कुठल्या फोटोशी जुळते, आणि खात्री नसेल तर "खात्री नाही" असं स्पष्ट. इथे नाणी, तिकिटं, ग्रामोफोनच्या तबकड्या जमवणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. जमवणारा गेल्यावर घरच्यांच्या हाती वस्तू राहते आणि तिची माहिती त्याच्याबरोबर जाते. मग भंगारवाला सांगेल तो भाव. किमतीचा रकाना त्या वहीत सुरुवातीपासून ठेवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असा.

येत्या शनिवारी दुपारी तिच्या शिवणाच्या टेबलावरचा दिवा लावा. पहिल्यांदा ३४ काढू नका. ज्याचं नाव कुणालाच आठवत नाही अशा एखाद्याची काढा, नावाची पट्टी उचला, आणि आतल्या बाजूला तिला काय दिसतं ते विचारा. ती बोलेल ते वहीत तिच्या शब्दांत लिहा. ३४ ची पाळी येईल तेव्हा आधी रक्कम सांगा, मग जर्सी तिच्या हातात द्या.